टॉवरला केमिकल घालूनही प्लेटा चोक का होतात? आधी पाण्याचा हिशेब मांडू

नमस्कार. तुम्ही दिलेली माहिती आधी एकत्र मांडतो, म्हणजे पुढचा हिशेब सगळ्यांना कळेल. शिरोली एमआयडीसीत फाउंड्री, एक टनाची ७५० किलोवॅटची इंडक्शन फर्नेस. कॉईल आणि पॅनलला डीएम (क्षार काढून टाकलेल्या) पाण्याचं बंद सर्किट, आणि ते पाणी थंड करायला प्लेट हीट एक्स्चेंजर, म्हणजे आपल्या बोलण्यातला पीएचई. पीएचईच्या दुसऱ्या बाजूला कूलिंग टॉवरचं पाणी, तासाला ४० घनमीटर. बेसिन, पाइप धरून सिस्टिममध्ये एकूण पाणी १२ घनमीटर. मेकअप, म्हणजे गेलेल्या पाण्याच्या जागी भरायचं पाणी, बोअरचं. महिन्यातून दोनदा पाच-पाच किलो अँटिस्केलंट (क्षार बसू न देणारं केमिकल) बादलीने बेसिनमध्ये ओतता, तरी दर दीड महिन्याला पीएचई चोक होतो आणि पॅनल हाय टेंपरेचरला ट्रिप होतं. सप्लायर डोस वाढवा म्हणतो. तुमचा प्रश्न असा, की यापेक्षा चांगलं केमिकल कोणतं?

तुमचे दोन्ही रिपोर्ट पाहिल्यावर मला वाटतं, दोष केमिकलचा नाही. टॉवरमध्ये आलेला क्षार बाहेर जायला वाटच नाही. जगातलं कुठलंही अँटिस्केलंट या स्थितीत हरेल.

तुमचं बोअरचं पाणी: टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) ६८०, एकूण हार्डनेस (कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार) ३२०, त्यातला कॅल्शियम हार्डनेस २००, अल्कलिनिटी (मुख्यतः बायकार्बोनेट) २६०, क्लोराइड ७०. टॉवरचं पाणी: टीडीएस ३०५०, हार्डनेस ९००, अल्कलिनिटी ५४०, क्लोराइड ४२०. हे सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये. आता शेजारी शेजारी ठेवून बघा. क्लोराइड ७० चं ४२० झालं, म्हणजे सहापट. क्लोराइड कुठे चिकटत नाही की उडून जात नाही, म्हणून पाणी किती पट आटलं ते क्लोराइड खरं सांगतं. (एक अट: टॉवरला हायपो (जंतू मारणारं सोडियम हायपोक्लोराइट) भरपूर जात असेल तर त्यातूनही क्लोराइड वाढतं. तुम्ही घालत नाही, म्हणून हा आकडा विश्वासाचा.) पाणी सहापट आटलं तर हार्डनेसही सहापट, म्हणजे १९२० व्हायला हवा होता. रिपोर्टमध्ये आहे ९००. अल्कलिनिटी १५६० हवी, आहे ५४०. दोन्हीकडे बरोबर १०२० गायब. कॅल्शियम आणि अल्कलिनिटी सारख्याच मापाने नाहीशी झाली, म्हणजे ती कॅल्शियम कार्बोनेट होऊन बसली: थोडी फिलवर (टॉवरमधल्या पाणी पसरवणाऱ्या जाळीवर), थोडी बेसिनच्या तळाला आणि बाकीची प्लेटांवर.

टीडीएस मीटर हे दाखवत नाही, हे लक्षात ठेवा. टीडीएस फक्त साडेचारपट दिसतो. तेवढ्यावर विसंबलेला माणूस म्हणेल 'फार काही वाढलेलं नाही'. टीडीएस कमी दिसतो कारण त्यातलाच क्षार खाली बसलाय.

हा क्षार किलोत किती, तेही काढू. तुमच्या टॉवरवर पाणी साधारण ५ अंश थंड होतं. बाष्पीभवनाचा ढोबळ हिशेब असा: ०.००१५३ गुणिले तासाचं फिरणारं पाणी गुणिले तापमानातला फरक. ०.००१५३ × ४० × ५ म्हणजे तासाला ३०६ लिटर वाफ होऊन जातं. वाफेबरोबर क्षार जात नाही. ब्लोडाऊन म्हणजे क्षार बाहेर काढायला सोडून दिलेलं पाणी. ते किती, हे काढण्याचं सूत्र: बाष्पीभवन भागिले (किती पट वजा १). सहापटीला ३०६ ÷ ५ म्हणजे तासाला ६१ लिटर. तुम्ही म्हणता ब्लोडाऊन करतच नाही, मग हे ६१ लिटर जातं कुठे? टॉवरवरून उडणारे थेंब, पंपाच्या ग्लँडची (दांड्याभोवतीच्या सीलची) टपटप आणि कडेने होणारी उडवाउडवी. म्हणजे तुमचा टॉवर आज गळतीच्या जिवावर सहापटीवर थांबलाय. उद्या कुणी हौसेने ग्लँड बदलली आणि ड्रिफ्ट एलिमिनेटर (उडणारे थेंब अडवणाऱ्या पट्ट्या) नीट बसवले, तर तो आठ-दहापटीवर जाईल आणि प्लेटा महिन्याच्या आत चोक होतील. गळती काढायलाच हवी, पण त्याआधी ब्लोडाऊनची लाइन हवी.

मेकअप झाला ३०६ + ६१ = ३६७ लिटर तासाला. फर्नेस २० तास चालते असं धरलं तर दिवसाला साधारण ७.३ घनमीटर. मेकअपच्या प्रत्येक लिटरमागे १७० मिलिग्रॅम क्षार बसतोय (१०२० ला ६ ने भागून). म्हणजे दिवसाला सव्वा किलो चुनखडी. महिन्याला तीस-पस्तीस किलो. पीएचईच्या दोन प्लेटांमधली फट जेमतेम तीन-चार मिलिमीटरची असते. आणि कॅल्शियम कार्बोनेटचा स्वभाव साखरेच्या उलटा: पाणी तापलं की ते कमी विरघळतं, म्हणून सगळ्यात गरम पृष्ठभागावर आधी बसतं. तुमच्याकडे तो पृष्ठभाग प्लेटांचाच.

मग अँटिस्केलंट काय करतं? फॉस्फोनेट आणि पॉलिमर क्षाराचे स्फटिक वाढू देत नाहीत, वाढले तर त्यांना चिकटू देत नाहीत. क्षार नाहीसा करणं त्यांचं काम नव्हे. पाण्यात तरंगत ठेवलेला क्षार ब्लोडाऊनने बाहेर काढायचा असतो. शिवाय त्यांच्या ताकदीला हद्द आहे. लँगेलियर निर्देशांक, म्हणजे पाण्याचा क्षार बसवण्याचा कल दाखवणारा आकडा, २.५ च्या पुढे गेला की चांगल्या प्रोग्रॅमलाही मी भरवसा देत नाही. तुमच्या बोअरसाठी प्लेटेजवळ ४५ अंश धरून हिशेब केला तर दुप्पट आटवल्यावर निर्देशांक २.३ च्या आसपास येतो, अडीचपटीला २.५-२.६ आणि तिप्पटीला २.८. म्हणून माझं मत, बोअरचं पाणी आहे तसं वापरायचं असेल तर अडीचपट ही तुमची हद्द. सहापट नाही, चारपटही नाही. शेजारच्या कारखान्यात पाचपट चालते म्हणून इथे चालेल असं नाही. त्यांचं पाणी वेगळं असू शकतं. एमआयडीसीचं नळाचं पाणी मिळत असेल तर त्याचा रिपोर्ट वेगळा काढा. नदीचं पाणी बहुधा बोअरपेक्षा मऊ असतं, मग सगळंच गणित सैल होतं.

अडीचपटीसाठी बाहेर जायला हवं ३०६ ÷ १.५, म्हणजे तासाला २०४ लिटर. त्यातलं ६१ आपोआप जातंय, उरलेलं १४० च्या आसपास सोडायचं. पंपाच्या डिलिव्हरी लाइनला किंवा गरम रिटर्न लाइनला अर्धा इंची व्हॉल्व्ह काढा आणि तो इतका उघडा ठेवा की २० लिटरची बादली साधारण साडेआठ मिनिटांत भरेल. फर्नेस चालू तेव्हा चालू, बंद तेव्हा बंद. पुढे पैसे असतील तेव्हा कंडक्टिव्हिटी कंट्रोलर (पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून क्षार मोजणारा) आणि सोलेनॉइड (विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह) लावा, त्याच्या आधी गाळणी लावायला विसरू नका, नाहीतर वाळूचा एक कण सोलेनॉइड उघडा ठेवतो आणि रात्रीत बेसिन रिकामं होतं. बेसिनच्या तळाचा ड्रेन वेगळा, तो गाळासाठी. शिफ्टला एकदा मिनिटभर पूर्ण उघडायचा. त्याला ब्लोडाऊन समजू नका. मेकअप लाइनला एक साधं वॉटर मीटर बसवा. कुठल्याही केमिकलपेक्षा ते आधी घ्या, कारण मेकअप कळल्याशिवाय डोस ठरत नाही.

याने पाणी किती वाढेल? मेकअप ३६७ वरून ५१० लिटर तासाला, दिवसाला तीनेक घनमीटर जास्त. उन्हाळ्यात बोअर खाली गेल्यावर टँकर लागत असेल तर हे जाणवतं, मला मान्य आहे. तेव्हा सॉफ्टनरचा (हार्डनेस काढणाऱ्या यंत्राचा) विचार करा. १०० लिटर रेझिन असलेला सॉफ्टनर तुमच्या ३२० हार्डनेसला एका रिजनरेशनमध्ये (मिठाने रेझिन पुन्हा ताजं करण्याच्या एका फेरीत) साधारण १५ घनमीटर पाणी देतो, आणि त्याला १५ किलो मीठ लागतं. पण सॉफ्टनर कॅल्शियमच्या जागी सोडियम देतो, अल्कलिनिटी आणि क्लोराइड तसेच राहतात. त्यामुळे पीएच ९ च्या वर सरकतो, तांब्या-पितळेच्या आणि गॅल्व्हनाइज्ड भागांना ते मानवत नाही. आणि क्लोराइडमुळे तरीही चारपटीच्या पुढे जाता येत नाही. तुमच्या प्लेटा ३१६ स्टेनलेसच्या असतील तर २५०-३०० च्या वर क्लोराइड मी ठेवत नाही, ३०४ असतील तर १०० च्या वर. चारपटीला ७० चं २८० होतं, म्हणजे तिथे ३१६ चीही हद्द संपते. आणि ३०४ असतील तर दोनपटीलाच १४० होतं, तेव्हा प्लेटचं मटेरियल आधी नेमप्लेटवरून बघून घ्या. तेवढ्या पाणीबचतीसाठी सॉफ्टनरचं मिठाचं वेस्ट पाणी सांभाळायचं का, हे तुमच्या बोअरच्या स्थितीवर आहे. माझा क्रम: आधी ब्लोडाऊन, तीन महिने बघा, मग सॉफ्टनर.

या क्लोराइडवर अजून थोडं थांबतो, कारण तुमच्या प्रश्नात याची काळजी दिसली नाही. आज ४२० क्लोराइडचं पाणी क्षाराच्या थराखाली अडकून प्लेटेला लागून राहतंय. स्टेनलेसला भोकं पडायला हीच स्थिती लागते. सुईच्या टोकाएवढं भोक पडलं की टॉवरचं पाणी डीएम सर्किटमध्ये शिरतं, तिथली कंडक्टिव्हिटी चढते, आणि मग प्रकरण पीएचईपुरतं राहत नाही, कॉईल आणि पॅनलपर्यंत जातं. डीएमची कंडक्टिव्हिटी रोज लिहून ठेवा. फर्नेस बनवणाऱ्याने दिलेल्या मर्यादेच्या आत असली तरी ती अचानक चढायला लागली तर रेझिन बदलण्याआधी प्लेटा तपासा.

म्हणूनच प्लेटा साफ करायला हायड्रोक्लोरिक अजिबात नको. क्षार झटपट विरघळतो, हे खरं, पण ते ॲसिड म्हणजे क्लोराइडच. सल्फॅमिक ॲसिड वापरा, ५ टक्के, म्हणजे ८० लिटर पाण्यात ४ किलो, ॲसिड इनहिबिटर घालून. एक किलो कॅल्शियम कार्बोनेटला साधारण दोन किलो सल्फॅमिक लागतं, त्यामुळे ४ किलोत दोन किलो क्षार निघेल. पाणी कोमट चालेल, ६० अंशांच्या वर नको. छोट्या पंपाने उलट दिशेने फिरवा. फेस येत राहील, टाकीचं झाकण उघडं ठेवा. पीएच ३.५-४ च्या वर गेला तर ॲसिड संपलं, अजून घाला. फेस थांबला आणि पीएच २ च्या आत स्थिर राहिला तर काम झालं. मग सोडा ॲशच्या १ टक्का पाण्याने धुऊन साध्या पाण्याने खळखळा. ॲसिड आणि हायपो एका जागी येऊ देऊ नका, क्लोरीन वायू सुटतो. पीएचई खोलायचाच असेल तर आधी प्लेट पॅकची लांबी टेपने मोजून लिहा, प्लेटांवर क्रम घाला, आणि घासायला नायलॉनचा ब्रश. तारेचा ब्रश पृष्ठभागावर ओरखडे सोडतो आणि पुढचा थर तिथूनच सुरू होतो.

सल्फॅमिकनंतरही काचेसारखा कडक, पांढुरका थर राहिला तर तो सिलिकाचा असू शकतो. तुमच्या रिपोर्टमध्ये सिलिका नाही, तो काढून घ्या. आपल्या काळ्या पाषाणातल्या बोअरना सिलिका असतेच. टॉवरच्या पाण्यात ती १५० च्या आत ठेवायची, कारण एकदा बसली की साध्या ॲसिडने निघत नाही. बोअरमध्ये ती ६० च्या वर निघाली तर अडीचपटही जास्त होईल, दोनवर या.

आता डोस. ब्लोडाऊन सुरू केल्यावर बादलीची पद्धत चालणार नाही. १२ घनमीटरमध्ये ५ किलो म्हणजे पहिल्या दिवशी ४१५ पीपीएम (म्हणजे मिलिग्रॅम प्रति लिटरच). इतक्या जास्त फॉस्फोनेटचा कॅल्शियमशी मिळून स्वतःचाच साका बसू शकतो. दिवसाला चार घनमीटर पाणी बाहेर जातं, त्यामुळे केमिकल दर दोन दिवसांनी निम्मं होतं. पाच-सहा दिवसांत ते ६० पीपीएमवर येईल, आणि पंधरवड्यातले उरलेले नऊ-दहा दिवस प्लेटा उघड्या. त्यापेक्षा छोटा डोसिंग पंप लावा. बहुतेक तयार प्रॉडक्टना ६० पीपीएमच्या आसपास लागतं, नेमका आकडा तुमच्या प्रॉडक्टच्या शीटवर आणि पाण्यावर ठरेल. सुरुवातीला एकदा ७२० ग्रॅम. मग रोज बाहेर जाणाऱ्या ४.१ घनमीटरमागे साधारण २४५ ग्रॅम. ५० लिटरच्या टाकीत ५ किलो कालवलं तर रोज अडीच लिटर सोडायचं, टाकी वीस दिवस पुरते. महिन्याला सहा किलोच्या आसपास. आज तुम्ही दहा घालताय.

शेवाळ आणि बुळबुळीत थराबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण तो असणारच. अडीचपटीला पीएच ८.६-८.७ राहील, आणि त्या पीएचला हायपोतल्या क्लोरीनचा काम करणारा भाग जेमतेम सहा टक्के उरतो. म्हणून नुसतं हायपो घालत बसण्यात अर्थ नाही. सोडियम ब्रोमाइडबरोबर दिलं तर त्या पीएचलाही निम्मं काम करतं. आठवड्यातून दोनदा संध्याकाळी, १२ घनमीटरला १० टक्क्यांचं ३५०-४०० मिलिलिटर हायपो, त्याच्याबरोबर प्रॉडक्टच्या शीटप्रमाणे ब्रोमाइड. अर्ध्या तासाने मोजल्यावर अर्धा पीपीएम शिल्लक दिसलं पाहिजे. हायपो उन्हात ठेवलं की त्याची ताकद जाते, महिन्यापूर्वीच्या कॅनवर हिशेब करू नका. महिन्यातून एकदा आयसोथायझोलिनोनसारखं ऑक्सिडाइझ न करणारं बायोसाइड, १०० पीपीएम म्हणजे १.२ लिटर, ब्लोडाऊन चार-सहा तास बंद ठेवून. हातमोजे घालूनच, ते कातडीला लागून कायमची ॲलर्जी होते. साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी बायोसाइड द्या, कारण साचलेल्या पाण्यात चोवीस तासांत थर धरतो. टॉवर धुणाऱ्या माणसाला चांगला मास्क द्या. कोमट टॉवरच्या तुषारांतून लिजिओनेला फुप्फुसात जातो आणि तो न्यूमोनिया जिवावर बेततो.

फाउंड्रीच्या टॉवरचा अजून एक शत्रू म्हणजे धूळ. टॉवर ही हवा धुणारी चाळणीच असते. सँड प्लांट किंवा शॉट ब्लास्टिंगच्या वाऱ्याच्या दिशेला टॉवर असेल तर वाळू, बेंटोनाइट (वाळू बांधणारी माती), कोळशाची पूड सगळं बेसिनमध्ये. क्षार नसला तरी त्या चिखलाने प्लेटा भरतात. पीएचईच्या आधी गाळणी आणि फिरत्या पाण्याच्या पाचेक टक्क्यांसाठी साइड स्ट्रीम सँड फिल्टर, इतकं तरी हवं. चोक झालेल्या प्लेटेवरचा थर नखाने खरवडून त्यावर सल्फॅमिकचा थेंब टाका. फेसाळला तर क्षार, नुसता विरघळून काळा ओघळ आला तर चिखल. दोघांवरचे उपाय वेगळे आहेत.

सुरुवात कशी करायची, ते महत्त्वाचं. जुन्या थरावर एकदम नवं डिस्पर्संट (थर सुटा करणारं केमिकल) आणि हलकं पाणी सोडलं तर फिलवरचे पापुद्रे सुटतात आणि दोन दिवसांत गाळणी आणि पीएचई दोन्ही भरतात. त्यामुळे एका सुट्टीत बेसिन उपसा, फिल आणि नोझल धुवा, पीएचई साफ करा, मग ताजं पाणी भरून ब्लोडाऊन आणि डोसिंग एकत्र सुरू करा. पावसाळ्यात बेसिनमध्ये पावसाचं पाणी येऊन ते वाहून जात असेल तर पाणी आपोआप हलकं होतं आणि केमिकलही धुऊन जातं. जून ते सप्टेंबर ब्लोडाऊन कमी करून डोस तेवढाच राहतोय का ते बघा, नाहीतर क्षाराऐवजी गंज लागेल. आणि पावसाळ्यात पॅनल ट्रिप झालं तर आधी टॉवरचं थंड पाणी किती अंशांवर आहे ते मोजा. हवा दमट असताना टॉवरच कमी थंड करतो, त्याचा दोष प्लेटांवर ढकलू नका. टॉवरचं थंड पाणी आणि डीएमचं थंड पाणी यांच्यातला फरक आठवड्यागणिक वाढत असेल तरच प्लेटा भरताहेत.

सोडलेल्या ब्लोडाऊनचं काय? वाळूच्या मलरमध्ये (मोल्डची वाळू मळणाऱ्या यंत्रात) घालू नका, त्यातल्या क्षारांनी बेंटोनाइटची बांधणी बिघडते आणि मग रिजेक्शनचं कारण शोधत बसाल. स्लॅग विझवायला चालेल. नाल्यात सोडू नका, शिरोलीचा नाला पुढे पंचगंगेलाच मिळतो, आणि नदीने आधीच बरंच सोसलंय. तुमच्या कन्सेंटमध्ये (प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवान्यात) सांडपाण्याची जी व्यवस्था लिहिली आहे, तिथेच हे गेलं पाहिजे. क्रोमेट असलेलं कुठलंही प्रॉडक्ट कुणी स्वस्तात दिलं तरी नको.

मॅग्नेटिक किंवा इलेक्ट्रॉनिक डिस्केलरबद्दल तुम्ही शेवटी विचारलंय. सव्वा किलो क्षार रोज येतोय आणि तो बाहेर काढायचाय, हे काम चुंबकाने होत नाही. ते पैसे वॉटर मीटर, डोसिंग पंप आणि हार्डनेस-क्लोराइडच्या टेस्ट किटमध्ये घाला. आठवड्यातून एकदा बोअर आणि टॉवर, दोन्हीकडचे हार्डनेस आणि क्लोराइड काढा, आणि दोन्ही किती पट झाले ते वहीत शेजारी शेजारी लिहा. क्लोराइड अडीचपट आणि हार्डनेसही २.३-२.४ पट आला तर क्षार पाण्यातच राहतोय. हार्डनेस दोनच्या खाली घसरला तर प्लेटा भरू लागल्या, पॅनल ट्रिप व्हायची वाट बघू नका. पंधरा दिवसांनी हे आकडे, सिलिकाचा रिपोर्ट आणि प्लेटचं मटेरियल कळवा, डोस त्यावर बारीक करता येईल.